ताई २

चौथ्या गाण्यात, तिसऱ्या कडव्यानंतर जो श्वास ऐकू आला, तो माझा नव्हता. गाणं माझंच होतं, जुनं, नव्यानं गायलेलं. कडवंही मीच गायले होते, कारण 'उशिरा' या शब्दावर घसा जरासा घासला होता आणि ते घासणं मला अजून आठवत होतं. पण कडवं संपलं, वाद्यं थांबली आणि त्या मोकळ्या जागेत कुणीतरी श्वास घेतला. आधी अर्धा. मग, काहीतरी विसरलेलं आठवावं तसा, उरलेला अर्धा. आणि मागोमाग तो आलाप आला, उंच, सरळ, कुठंही न थरथरता, आणि बराच वेळ वरच राहिला. मी हातातला गरम पाण्याचा पेला टेबलावर ठेवायला गेले, तर टेबल जिथं आहे असं मला वाटत होतं तिथं ते नव्हतं. पाणी मांडीवर सांडलं. चांगलं कढत होतं, पण भाजलं हे मला आलाप संपल्यावर कळलं.

प्रोड्यूसरचं लक्ष नव्हतं. तो डोळे मिटून, एक बोट हवेत धरून ऐकत होता. आपणच केलेला स्वयंपाक आपणच वाढून घेणाऱ्या माणसासारखा चेहरा. चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस गेलं दीड वर्ष माझ्या मागं आहे. मी एकोणीस वर्षं गायले नव्हते. कुणी आग्रह केलाच तर घसा बसलाय म्हणायची, आणि एकोणीस वर्षं घसा बसलेल्या बाईला लोक तरी किती वेळा विचारणार? हा मात्र आला, बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि म्हणाला, "फक्त दहा गाणी, मॅडम. तुम्ही आहात हे लोकांना कळू दे." मी म्हटलं, "मी आहे हे माझ्या डॉक्टरांना ठाऊक आहे, तेवढं पुरे." वरवर नाही नाही म्हणत होते, पण मनातून कधीचीच पदर खोचून उभी होते. त्याचा स्टुडिओ तळघरात, आणि नेमका वर दातांचा दवाखाना. तिथं मशीन सुरू झालं की त्याची घरघर खांबातून खाली उतरते आणि माईकमध्ये शिरते. म्हणून त्यानं दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची यादी आणून भिंतीला चिकटवलीय. रूट कॅनालच्या वेळा लाल शाईनं. लाल वेळेत आम्ही गप्प बसतो. माझं पुनरागमन, ज्याच्याबद्दल पेपरात अर्धं पान आलं, ते लोकांच्या दाढांच्या मधल्या वेळेत झालेलं आहे.

आणि हा आलाप तर मी अकरा वेळा गायले होते. अकराही वेळा आवाज वरच्या स्वराच्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथं फाटला. मग काचेपलीकडून बटण दाबून तो म्हणाला होता, "मिळालं, मॅडम. घरी जा, आराम करा." मिळालेलं नाही, हे मला कळत होतं. पण त्रेसष्टाव्या वर्षी माणूस गोड खोट्याला नावं ठेवत नाही. हल्ली यंत्रं वाकड्याचं सरळ करतात म्हणे, म्हटलं, करेल. माझंच वाकडं, माझंच सरळ. आठवड्यापूर्वी त्यानं या आलापाचा छोटा तुकडा लोकांना ऐकवण्यासाठी बाहेर सोडला. मी तो ऐकला नाही, मला ते फोनवरचं जमत नाही. सुनेनं कौतुकानं येऊन सांगितलं, "आई, सगळे म्हणतायत आवाज जसाच्या तसा आहे." त्या दिवशी मी आरशासमोर नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ उभी होते, हे कबूल करायला हरकत नाही.

यंत्र आवाज सरळ करील, पण श्वास कुठून आणील? तो श्वास मी अंधारात ओळखते. माझी धाकटी बहीण, घरात तिला सगळे बारकी म्हणायचे, आणि मी, आम्ही एका खाटेवर झोपायचो. तिच्या नाकाचं हाड वाढलेलं होतं, त्यामुळं ती तोंडानं श्वास घ्यायची आणि तो नेहमी दोन हप्त्यांत यायचा. अर्धा, मग थांबणं, मग उरलेला. लहानपणी मला त्या थांबण्याची भीती वाटायची, कोपरानं ढोसून मी तिला जागी करायची आणि ती झोपेतच म्हणायची, "घेतेय गं." सहा वर्षांपूर्वी दवाखान्यात, सकाळी, तिनं अर्धा श्वास घेतला आणि मी सवयीनं उरलेल्याची वाट बघत बसले. नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाही मी म्हटलं, थांबा हो, तिचं असंच असतं. नर्स थांबली बिचारी. बराच वेळ थांबली. आणि आज, दुपारी सव्वातीन वाजता, या तळघरात, तो उरलेला अर्धा भिंतीवरच्या स्पीकरमधून आला. मी इकडंतिकडं पाहिलं. खोली तशीच होती: राखाडी स्पंजच्या भिंती, वायरींची भेंडोळी, काच, काचेपलीकडं माझा रिकामा स्टूल. मला खरंच वाटलं, आता त्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं दिसेल.

"कसं वाटलं?" प्रोड्यूसरनं विचारलं.

"श्वास ठेवलास," मी म्हटलं. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

"आलं ना लक्षात?" तो एकदम खुलला. "एरवी सगळे काढतो मी. या दहा गाण्यांतले तुमचे चारशे तरी श्वास कापले असतील. पण हा कापवेना. कसला जिवंत वाटतो."

"कुठून आणलास?"

त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "रागावणार नसाल तर सांगतो. नाहीतरी सांगणारच होतो, सगळं पाठवून झाल्यावर." मग त्यानं सांगितलं. माझी पहिली गाणी जिथं झाली ती कंपनी बंद पडून जमाना झाला, पण तिचं गोदाम होतं. तिथं त्याला जुन्या फिती मिळाल्या, रुंद, जड, चोवीस ट्रॅकच्या. म्हणजे प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगवेगळ्या पट्टीवर. जुनी फीत तशीच लावली तर तिच्यावरचा थर सोलून निघतो, म्हणून फळं सुकवायच्या यंत्रात आठ तास मंद आचेवर ठेवायची, मग एकदाच वाजवून उतरवून घ्यायची. हे सगळं तो बाळंतपण केल्याच्या मायेनं सांगत होता. "खोक्यावर लिहिलेलंच होतं. ट्रॅक सात, ताई १. ट्रॅक आठ, ताई २. सातवर कडवी आहेत, आणि आलापाच्या जागी शांतता. आलाप आठवर. तुम्ही तो वेगळा गायला असणार, दमसास राखून. मी फक्त स्वर आणि लय जुळवली. मॅडम, चोरी थोडीच आहे? तुमचंच तुमच्याकडं परत आणलं. सव्वीस वर्षांच्या तुम्ही."

मी मान हलवली. काय करणार दुसरं? आमच्या वेळी एकच आवाज दोनदा गाऊन एकावर एक बसवायची पद्धत होती, आवाज भरदार व्हावा म्हणून. ताई १ आणि ताई २ लिहिलेलं पाहून जगातला कुठलाही प्रोड्यूसर हेच समजला असता. तसं समजावं म्हणूनच तर ते लिहिलं होतं. त्या दिवशी माझा घसा आलापावर चार वेळा फाटला होता, वादक घड्याळं बघायला लागले होते, आणि आई, जी कधी चढ्या आवाजात बोलली नाही, ती रेकॉर्डिस्टच्या कानाशी वाकून म्हणाली होती, "धाकटीला उभी करू का? आवाज एकाच मुशीतला आहे." बारकी तेव्हा बावीसची. डबा घेऊन आली होती फक्त. तिला आत ढकलल्यावर तिनं चपला काढायच्या की नाही असं विचारलं, ते मी काचेतून पाहिलं. मग आईनं मला बाहेर नेलं, मोकळ्या हवेत. परत आले तेव्हा सगळं झालेलं होतं. रिक्षात आई आम्हा दोघींच्या मध्ये बसली आणि म्हणाली, "घरातलं घरात राहील." तेवढंच. यावर आमच्या घरात पुन्हा चर्चा म्हणून झाली नाही. आम्ही काही वाईट केलं असं कुणाला वाटलंच नाही. बोट कापलं तर दुसऱ्या हातानं भाजी चिरतातच की.

मग ते चालूच राहिलं. अकरा वर्षं, साठ-सत्तर गाणी. खालचं माझं, वरचं तिचं. स्टेजवर ती कोरसमध्ये डावीकडून दुसरी उभी असायची, माझ्या मागं. आलापाची जागा आली की मी डोळे मिटायची, मान मागं टाकायची आणि माईक हातभर लांब धरायची. लोक वेडे व्हायचे. काय ताकद आहे, म्हणायचे, माईक इतका लांब धरते तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं. ऐकू येणारच. मी तोंड उघडं ठेवायची फक्त. पुढं ती कार्यक्रम सोडून गेली. उशिरा लग्न झालं, नवऱ्याचं वह्या-पेनांचं दुकान, शाळेत शिवण शिकवायची नोकरी. "तिला हौसच नव्हती गाण्याची," असं आई म्हणायची, मग मीही म्हणायला लागले. तिच्या जाण्यानंतर मी सहा-सात वर्षं खालच्या पट्टीतली गाणी करून पाहिली, आणि मग घसा बसवून घेतला. मला कधी रात्र-रात्र खाल्लं नाही या गोष्टीनं. खोटं का सांगू? कारण शेवटच्या आजारात एक दिवस वॉर्डातल्या रेडिओवर आमचं गाणं लागलं होतं. आलाप आला तशी नर्स म्हणाली, "तुमच्या बहिणीचा आवाज काय वर जातो हो." बारकी उशीवरून, चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाली, "हो ना. लहानपणापासूनच." नर्स गेली आणि आम्ही दोघी हसलो, ती खोकेपर्यंत हसली. त्या हसण्यावर मी सहा वर्षं निवांत झोपले.

"तो ट्रॅक एकटा लाव," मी म्हटलं. "आठवा. दुसरं काही नको."

"आत्ता? मॅडम, सहाला फाईल पाठवायचीय."

"लाव."

त्यानं लावला. आधी नुसती फितीची खरखर. मग लांबून, तिच्या हेडफोनमधून गळणारं माझं कडवं, मुंगीच्या आवाजाएवढं. मग अर्धा श्वास, उरलेला अर्धा, आणि आलाप. वाद्यांशिवाय तो फार उघडा वाटत होता. माझ्यासारखा होता, आणि माझा नव्हता. शेवट मी नेहमी झटकून टाकते, हिनं तो खाली ठेवला होता, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा. संपला. प्रोड्यूसरनं बंद करायला हात पुढं केला, मी त्याचं मनगट धरलं. कारण फीत चालूच होती. खुर्ची सरकली. आणि बावीस वर्षांची बारकी बोलली.

"झालं?"

"झालं. एकदम फर्स्ट क्लास," रेकॉर्डिस्टचा आवाज. तो माणूसही आता नाही.

"ओळखू येत नाही ना?"

"छे. बिलकुल नाही. ताईच वाटते."

थोडा वेळ खरखर. तिनं श्वास घेतला, दोन हप्त्यांत. "नीट ऐका ना. कुठंतरी थोडंसं येत असेल ओळखू."

"नाही गं, घाबरू नको. आईंना सांग, निर्धास्त राहा म्हणावं."

"बरं." मग, अगदी हळू, "मला परत एकदा ऐकवता?"

"आता नको. ताई येतील इतक्यात."

आणि खटकन फीत संपली.

त्या भल्या माणसाला वाटलं, ती घाबरलीय. मला तसं वाटण्याची सोय नव्हती. मी तिच्याबरोबर सोळा वर्षं एका खाटेवर झोपले आहे. ती घाबरली की भराभरा बोलायची, आणि काही हवं असलं की असं हळूहळू, दुसऱ्याच्या तोंडून निघतंय का बघत. तिला ओळखू यायचं होतं. सगळं नको, थोडंसं, कुठंतरी. निदान एकदा आपलं आपल्याला ऐकायचं होतं, आणि तेवढंही झालं नाही, कारण मी यायची होते. दाराबाहेर मोकळ्या हवेत मी त्या वेळी काय करत होते ते मला लख्ख आठवलं: आईच्या पर्समधली खडीसाखर चघळत होते.  मग त्या वॉर्डातलं हसणं? ते कसलं होतं? मी हसले म्हणून ती हसली. पहिली मी हसले होते. हे मला आत्ता, सहा वर्षांनी आठवत होतं, आणि आठवत होतं म्हणजे मला ते ठाऊक होतं.

"कोण बोलतंय हे?" प्रोड्यूसरनं विचारलं.

"माझी धाकटी बहीण. आलाप तिचा आहे. तोच नाही, सगळेच. वरचं सगळं तिचं."

 त्याचा हात अजून माझ्या हातात होता, तो त्यानं हळूच सोडवून घेतला. मग म्हणाला, "अकरा वर्षांचा होतो मी. त्या आलापासाठी कॅसेट मागं फिरवून फिरवून तिची फीत तुटली. वडिलांनी मारलं होतं. या धंद्यात मी त्या आलापामुळं आलो, मॅडम." मग माझ्याकडं पाहत, पण मला नव्हे, असं त्यानं विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं मी कोणाला ऐकत होतो?" याला माझ्याकडं एकच उत्तर होतं आणि ते मी देऊन बसले होते. मला वाटलं, हा आता उठून जाईल. गेला असता तर बरं वाटलं असतं. पण तो चांगला माणूस आहे. त्यानं चष्मा घातला, घड्याळ पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "हे आपल्या दोघांतच राहील. तुमचं नाव आहे, लोक इतके खूश आहेत. कोणाला कळणार आहे?" माझ्या भल्यासाठीच म्हणाला. आईही भल्यासाठीच म्हणाली होती.

"कळायला पाहिजे," मी म्हटलं.

"मग काढून टाकतो. तुमच्या अकरांतला त्यातल्या त्यात बरा घालतो. फाटतोय, पण तुमचा आहे."

"काढलंस तर ती पुन्हा गप्प बसली. काढायचं नाही. मी तिच्याबरोबर गाते. खालून. आणि कव्हरवर तिचं नाव माझ्या शेजारी, त्याच मापाच्या अक्षरांत. आधीच्या सगळ्या गाण्यांचं काय ते मी माझ्या तोंडानं लोकांना सांगेन."

"लोक फार बोलतील, मॅडम. म्हणतील, मग हिचं काय होतं?"

"हो," मी म्हटलं. "मलाही तेच बघायचंय."

वर कुणाच्या तरी दाढेवर मशीन सुरू झालं. यादीत चारपर्यंत लाल होतं. आम्ही दोघं गप्प बसून राहिलो, प्रेताजवळ बसतात तसे नाही, एसटी चुकलेल्या प्रवाशांसारखे. ओली साडी मांडीला चिकटली होती आणि भाजलेलं आता चुरचुरत होतं. मला मघापासून रडू येईल असं वाटत होतं, ते येत नव्हतं. धक्क्याच्या मागून यायला त्याला अजून वाट सापडली नसावी. चार वाजून गेले, घरघर थांबली. मी आत गेले, स्टुलावर बसले, हेडफोन घातला. काचेपलीकडं त्यानं मान हलवली. माझं कडवं आलं, 'उशिरा' घासलं, वाद्यं थांबली. कानात, अगदी खाटेवर यायचा तितक्या जवळून, अर्धा श्वास आला. उरलेला आला. आणि माझे डोळे मिटले, मान मागं गेली, उजवा हात हातभर लांब झाला. तोंड उघडं. त्यातून काहीच नाही.

आलाप संपला तरी हात तसाच हवेत होता. मी डोळे उघडून त्याच्याकडं बघत राहिले. दुसऱ्या कुणाचा तरी हात पाहावा तशी. एकोणीस वर्षं घरी बसूनही तो काही विसरला नव्हता.

"परत," मी म्हटलं. या खेपेला उजवा हात मांडीखाली दाबून बसले, लहान मुलांना बसवतात तशी. एकीचा आवाज दुसरीच्या तोंडात लपवायचा तर श्वास एकदम घ्यावा लागतो, सुरुवात एकदम, शेवट एकदम. हे आम्ही दोघी झोपेतही करायचो. ते सगळं मी मोडलं. ती निघाली, मी मागून निघाले, खाली, जिथं माझा आवाज खरोखर आहे तिथं. जाडसर, सायीसारखा नाही, खरखरीत. मधे एका जागी तो फाटला, तो मी फाटू दिला. ती वर निश्चिंत उभी होती, बावीस वर्षांची. ती संपली, आणि मी एक क्षण उशिरा संपले. काचेपलीकडं प्रोड्यूसर वाकून बसला होता, दोन्ही कान हातांनी दाबून. मग त्यानं बटण दाबलं.

"ओळखू येतंय का?" मी विचारलं.

"येतंय."

"नीट ऐक."

"येतंय, मॅडम. दोघी आहात. वेगवेगळ्या."

सहाला पाऊण तास होता. त्यानं दारं बंद आहेत का पाहिलं, यादी पाहिली, लाल काही नव्हतं. मी हेडफोन काढला नाही.

"परत एकदा ऐकव," मी म्हटलं.